बंदूक जुनी, काडतूस नवे

दिल्लीतील जिल्हा न्यायालयांमध्ये शस्त्र कायद्याखालील खटल्यांचे कागद चाळले, तर एक मजकूर पुन्हापुन्हा आढळतो. आरोपीच्या कमरेला गावठी कट्टा सापडला, सोबत एक-दोन जिवंत काडतुसे होती आणि काडतुसांच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ अशी अक्षरे होती. कट्टा कोठून आणला, कितीला घेतला, आणून देणारा कोण, यावर तपासाचे रकाने भरले जातात. ‘केएफ’ या दोन अक्षरांपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. ही खूण खडकीची, म्हणजे पुण्याच्या सरकारी दारूगोळा कारखान्याची. तिची नक्कल होऊ शकते, हे मान्य. परंतु खूण खरी असेल, तर कट्टा बेकायदा, तो बाळगणारा बेकायदा, आणि काडतूस मात्र सरकारी कारखान्यातून रीतसर नोंद होऊन बाहेर पडलेले, अशी विसंगती समोर येते. ते वहीवरून चोरवाटेवर कोठे उतरले, हा बेकायदा शस्त्रपुरवठ्याच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे.

बंदूक करणे तुलनेने सोपे आहे. नळी, घोडा आणि दट्ट्या जमवणारा कुशल लोहार मुंगेरमध्ये आहे, तसा जळगावच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमरटीतही आहे. मुंगेरची परंपरा तर अठराव्या शतकातील मीर कासिमच्या राजवटीपर्यंत मागे जाते. काडतुसाचे तसे नाही. पितळी पुंगळी, ठिणगी पाडणारी टोपी, धूररहित दारू आणि नेमक्या मापाची गोळी हे सारे भट्टीशेजारी बसून विश्वासार्हपणे जमत नाही. म्हणून बंदुकीची वाट जंगलातून जाऊ शकते. काडतुसाची वाट बहुधा कोणत्या ना कोणत्या परवान्यावरून जाते.

ही गोष्ट ब्रिटनमधील एका खटल्याने जितकी स्वच्छपणे दाखवली, तितकी क्वचितच कोणी दाखवली असेल. तेथील १९६८ च्या बंदूक कायद्याच्या कलम ५८ नुसार जुनी, केवळ शोभेची किंवा संग्रहाची वस्तू म्हणून ठेवलेली बंदूक परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. जुनी कोणती? ज्या मापाची काडतुसे आता बाजारात तयार होत नाहीत, ती. अशा कालबाह्य मापांची एक यादीच गृहखाते बाळगत असे. तर्क बिनतोड दिसतो. गोळीच मिळत नसेल, तर एकोणिसाव्या शतकातील पिस्तूल म्हणजे दिवाणखान्यातील पितळी समईच. या तर्कातील फट ग्लॉस्टरशायरमधील एका नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याने ओळखली. अमेरिकेतून आणलेली जुनी पिस्तुले, आणि त्यांच्या मापाची काडतुसे घरच्या कार्यशाळेत स्वतः बनवलेली, असा त्याचा व्यवहार होता. काडतुसे बनविण्याची यंत्रे बाळगण्याचा अधिकार त्याला व्यवसायामुळेच मिळालेला. माल बर्मिंगहॅममधील एका मध्यस्थामार्फत टोळ्यांकडे जाई. शंभराहून अधिक गुन्ह्यांच्या जागी मिळालेल्या काडतुसांचा माग त्याच्यापर्यंत गेला. २०११ च्या दंगलीत बर्मिंगहॅममध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर झाडलेल्या गोळ्याही त्यांतल्याच. पुंगळ्यांवर उमटलेल्या त्याच्या हत्यारांच्या ओरखड्यांनी त्याला पकडून दिले. २०१७ च्या डिसेंबरात त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने दोन गोष्टी केल्या. ‘जुनी बंदूक’ या शब्दांना प्रथमच कायद्याची व्याख्या दिली आणि २२ मार्च २०२१ पासून कालबाह्य मापांच्या यादीतून सात मापे वगळली. ज्यांच्याकडे त्या मापांची पिस्तुले होती, त्यांना परवाना घेण्यासाठी वा विल्हेवाट लावण्यासाठी सहा महिने दिले. शिवाय १ सप्टेंबर १९३९ नंतर घडवलेली बंदूक जुनी मानायची नाही, अशी मर्यादा घातली.

आपल्या कायद्याला ही फट नाही, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. भारतीय शस्त्र कायदा, १९५९ चे कलम ४५ कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या वा नादुरुस्त शस्त्राला सूट देते. परंतु ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल, तरच. ब्रिटनने वय आणि माप पाहिले, आपण क्षमता पाहतो. ही कसोटी अधिक कडक आणि, माझ्या मते, अधिक शहाणपणाची. कोकणातल्या माणसाला तिचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. दारू ठासून उडवायची बंदूक लंडनच्या लिलावात पुराणवस्तू म्हणून विकली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीच ठासणीची बंदूक रानडुकरांपासून आणि वानरांपासून शेत राखण्यासाठी आजही परवान्यावर मिळते. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तिचा नावानिशी उल्लेख आहे, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेशही निघतात. आजोबांच्या काळातील तोड्याची बंदूक भिंतीवर असेल, तर ती उडत नाही हे तज्ज्ञाकडून सिद्ध करून घेणे हाच शहाणा मार्ग. ती शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवताही येत नाही, ही आणखी एक गोष्ट सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

नादुरुस्त म्हणजे निरुपद्रवी नव्हे, याचा पुरावा २०१८ मध्ये जबलपूरने दिला. तेथील लष्करी भांडारात मोडीत काढलेल्या एके-४७ रायफलींचे भाग बाहेर काढून, एका निवृत्त शस्त्र कारागिराकडून ते जुळवून घेऊन, तयार शस्त्रे मुंगेरला पोहोचवली जात होती. कागदावर ती शस्त्रे अस्तित्वात नव्हती.

म्हणजे व्याख्या भक्कम आहे. ढिलाई पुढे आहे. परकीय राज्यकर्त्यांना भीती होती ती लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाण्याची. म्हणून पॉइंट ३०३ सारखी मापे निषिद्ध ठरली आणि नागरी रायफलीसाठी पॉइंट ३१५, म्हणजेच आठ मिलिमीटर, हे माप रूढ झाले. स्वतंत्र भारताने ही विभागणी जवळपास तशीच पुढे चालवली. तिचा एक परिणाम कोणी कल्पिला नसेल. गावठी कट्टा बनवणारा कारागीरही नळी त्याच मापाची ठेवू लागला. कारण ३१५ आणि बारा बोअरची काडतुसेच दुकानात मिळतात. कायदेशीर बाजारपेठेने बेकायदा शस्त्राचे माप ठरवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुकानापासून टोळीपर्यंतचा प्रवास अधूनमधून उजेडात येतो. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर दिल्ली पोलिसांनी आनंदविहार परिसरात सुरू झालेल्या कारवाईत दोन हजारांहून अधिक काडतुसे पकडली; अटक झालेल्यांत डेहराडूनच्या एका बंदूक दुकानाचा मालक होता. त्याहून गंभीर प्रकरण जम्मू-काश्मीरचे. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ मध्ये हा धागा पकडला आणि २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात त्या राज्यात दिले गेलेले सुमारे दोन लाख ७८ हजार परवाने संशयाच्या कक्षेत आले. दुकानदार गिऱ्हाईक आणायचा, जिल्हा कार्यालय सही करायचे, आणि परवानाधारक त्या जिल्ह्यात कधी राहिलेलाच नसायचा, असे आरोपाचे स्वरूप. २०२० मध्ये दोन सनदी अधिकाऱ्यांना अटक झाली. जुलै २०२१ मध्ये चाळीसएक ठिकाणी छापे पडले, त्यांत बंदुकांची दुकानेही होती. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु तपास यंत्रणेने मांडलेल्या साखळीत एका टोकाला दुकानदार आणि दुसऱ्या टोकाला जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, गुंड कोठेच नाही, हे राजधानीतील अधिकारीवर्गाने बारकाईने पाहण्यासारखे आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र कायद्यात केलेली दुरुस्ती या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. बेकायदा निर्मिती व विक्रीची शिक्षा तीन ते सात वर्षे होती, ती सात वर्षे ते जन्मठेप झाली. शस्त्रांच्या अवैध व्यापाराचा स्वतंत्र गुन्हा आला, वरातीतील गोळीबाराला शिक्षा आली. राजकीय वादळ उठले ते मात्र एका माणसाला किती बंदुका, या मुद्द्यावर. मर्यादा तीनवरून एकवर आणण्याचा मूळ प्रस्ताव पंजाब-राजस्थानातील नाराजीनंतर दोनवर थांबला, आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्याच दोनांत मोजायची असे ठरले. उत्तरेत परवाना हे प्रतिष्ठेचे आणि आमदार-खासदारांच्या शिफारशीचे चलन आहे. त्यामुळे वाद तेथेच रंगावा, यात नवल नाही.

विक्रेत्याच्या वहीकडे त्या रंगलेल्या वादात फारसे लक्ष गेले नाही. अवैध विक्री सिद्ध करायची, तर विकणारा, घेणारा आणि माल असे तिन्ही हाती लागावे लागतात. दुकानाच्या तपासणीत नुसता साठा कमी भरला, तर उरते ते परवान्याच्या अटींचा भंग, म्हणजे कलम ३०: कमाल सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. परवाना रद्द होऊ शकतो, हे खरे. पण तो निर्णय जिल्हा प्रशासनाचा. बेकायदा शस्त्र बाळगल्याचा खटला भरायलाही कलम ३९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ही तरतूद नागरिकाला पोलिसी जाचापासून वाचवण्यासाठी आहे आणि ती योग्यही आहे; तथापि परवाना देणारा, दुकान तपासणारा आणि खटल्याला संमती देणारा हात एकाच कार्यालयाचा असल्याने, ते कार्यालय चुकले तर त्याला अडवणारे जवळपास कोणी उरत नाही.

२०१६ च्या नियमांनी प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीकोशातील स्वतंत्र क्रमांक सक्तीचा केला. बंदुकीवरही क्रमांक असतो. काडतुसावर असते ती कारखान्याची व मापाची खूण. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक पेटीचा तुकडी-क्रमांक विक्रीच्या वेळी परवान्याच्या क्रमांकाशी संगणकावर जोडला, तर पुंगळी सापडताच शोध निदान काही दुकानांपुरता मर्यादित होईल. उत्तर प्रदेशात नव्या काडतुसांसाठी रिकाम्या पुंगळ्या परत करण्याची अट घालण्यात आली. कल्पना चांगली, परंतु शेजारच्या राज्यात ती नसेल तर दुकान सीमेपलीकडे शोधले जाते. शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, तेव्हा एकसूत्री नियम करायला राज्यांची आडकाठी नाही. कारखानाही आजवर केंद्राचाच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेली, एवढाच फरक.

२०१९ च्या दुरुस्तीत आणखी एक उपकलम आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. दोनांहून अधिक असलेली बंदूक वर्षभरात जमा करायची होती. कोठे? जवळच्या पोलीस ठाण्यात, सैनिक असल्यास त्याच्या तुकडीच्या शस्त्रागारात, अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे. ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा ओळखीचे दुकान बरे वाटणे स्वाभाविक. त्यानंतर नव्वद दिवसांत त्या शस्त्रांचे परवाने रद्द व्हायचे होते. मालकाच्या परवान्यावरून उतरलेल्या अशा जुन्या पण उडू शकणाऱ्या बंदुकांचा हिशेब आता दुकानदाराच्या वहीत आहे, आणि ती वही शेवटची कधी व कोणी तपासली, हे प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेला आजच्या आज सांगता आले पाहिजे.