नकाशात नाला कुठे आहे?

रामदासपेठेत क्लास सुटला की आपण नाकाला रुमाल लावून नाग नदी ओलांडतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मात्र अंबाझरी तलाव ओसंडला अन् हीच नदी काठच्या घरांत शिरली. मोरभवनच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. नदी-नाल्यांची जागा आपण बांधकामांना दिली, त्याचंच हे बिल.

आता हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगाव इथे सुमारे 692 हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ उभं राहणार आहे. मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. कचरा यंत्रणेने उचलला जाईल, अख्ख्या वसाहतीला एकत्रित थंडावा मिळेल. ऐकायला झकास! पण नुसत्या यंत्रांनी शहर हिरवं होत नाही. तिथले ओढे, तळी, उतार आधी राखले तरच होतं. इमारत नंतरही बांधता येते. बुजवलेला नाला परत आणता येत नाही.

आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना नोंदवायचा हक्क 1966 चा नगररचना कायदा देतो. आपण पोरं तिकडे फिरकतच नाही. यावेळी जाऊया, एकच प्रश्न घेऊन: नकाशात नाला कुठे आहे?