ऑप्टोमेट्री : गरज आणि मागणी यांतील अंतर

वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत नाव न आलेल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे अलीकडे ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर ठरविण्याच्या शास्त्राचा, पर्याय आग्रहाने ठेवला जातो. चष्म्याची गरज असलेले लोक कोट्यवधी आणि प्रशिक्षित तपासनीस थोडे. तेव्हा या पदवीधराला काम कमी पडणार नाही, असा युक्तिवाद त्यामागे असतो. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र अर्थशास्त्राच्या प्राथमिक कसोटीलाही उतरत नाही. ज्या गरजेमागे पैसे मोजण्याची ऐपत आणि तयारी उभी असते, तिलाच बाजारात मागणी म्हणतात.

गरजेविषयी दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचे अथवा दूरचे नीट दिसत नाही, आणि त्यांपैकी निदान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा अजूनही दूर करता येण्याजोगा आहे. चाळिशी लागलेल्या शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही; फळ्यावरचे न दिसणारे मूल वर्गात 'ढ' ठरते. साध्या भिंगाने हे नुकसान टळू शकते.

परंतु बाजारात या तपासणीला बहुधा स्वतंत्र किंमतच नसते. 'नेत्रतपासणी मोफत' ही पाटी आपल्या परिचयाची आहे. तो खर्च फ्रेम आणि काचांच्या नफ्यातून भरून निघतो. परिणामी पगार देणाऱ्या दुकानदाराच्या लेखी हा पदवीधर विक्रीतला मदतनीस ठरतो. काचबिंदूची शंका येताच रुग्णाला वेळीच नेत्रवैद्याकडे धाडणे हे त्याचे सर्वांत मोलाचे कौशल्य; पण त्यातून दुकानाला एक पैसाही मिळत नाही!

तपासणीचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नाही, ही दुसरी अडचण. जेथे मालाची पारख विक्रेत्यालाच असते, तेथे हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीत १९८५ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तथापि या व्यवसायाची देशव्यापी कायदेशीर नोंदवही त्यानंतरही अनेक वर्षे नव्हती. त्यामुळे पदवीधर, पदविकाधारक आणि दुकानातच हात बसलेला कारागीर हे तिघेही एकाच पाटीखाली उभे राहिले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय राष्ट्रीय आयोग व राज्य परिषदा यांच्या कक्षेत आणला. नोंदणी ही ग्राहकासाठी दर्जाची खूण होय. मात्र तिचे मोल राज्यांच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

म्हणूनच विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा अभ्यासक्रम सदर कायद्यानुसार नोंदणीस पात्र आहे काय? संस्थेला नेत्ररुग्णालय जोडलेले आहे काय, आणि विद्यार्थ्याला तेथे स्वतः किती रुग्ण तपासावयास मिळतात? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे व किती पगारावर आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून न घेता त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्यावे, आणि कर्जाचा हप्ता त्या पगाराशी ताडून पाहावा. शिवाय डॉक्टर होण्याची ही मागील दारची वाट नव्हे. शस्त्रक्रियेचा अधिकार या पदवीने मिळत नाही. अल्पदृष्टी रुग्णांची सेवा, बालकांची नेत्रतपासणी, कॉन्टॅक्ट लेन्स, अध्यापन या क्षेत्रांत मात्र ज्ञानालाच मोल मिळण्याचा संभव अधिक. ज्यांना तेथवर जाण्याची चिकाटी आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य धरावा.

उरलेली जबाबदारी शासनाची. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यही होते. आता शाळाशाळांतून व ग्रामीण रुग्णालयांतून नियमित तपासणीसाठी पगारी पदे निर्माण झाली पाहिजेत. गरिबाच्या गरजेचे मागणीत रूपांतर बाजार आपण होऊन करीत नाही; ते अंदाजपत्रकातूनच करावे लागते. तोवर देशाची गरज म्हणजे आपली नोकरी, असे समीकरण विद्यार्थ्यांनी मांडू नये.