मुद्दल आणि मिळकत

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नाशिकच्या पेढ्यांवर वहीपूजन होते. हिशेब संगणकावर गेले, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आली, तरी लाल बांधणीची एक वही पाटावर मांडली जाते आणि तिच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ व ‘लाभ’ हे शब्द उमटतात. त्या वहीचा एक नियम घरातील मुलगा गादीवर बसू लागताच शिकतो. मालाच्या विक्रीतून आलेली रक्कम वेगळी आणि दुकानाचा गाळाच विकून आलेली रक्कम वेगळी. तिजोरीत दोन्ही रकमा सारख्याच दिसतात. खतावणीत त्यांची पाने निराळी असतात. गाळ्याची किंमत जो नफ्यात धरतो, त्याला त्या वर्षी भरघोस लाभ दिसतो आणि पुढील वर्षी बसायला जागा उरत नाही.

जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांवर हा प्रसंग नुकताच येऊन गेला. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 5 जून 2025 रोजी त्याचा अखेरचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. त्यासाठी सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतील जमिनी घेतल्या गेल्या. प्रारंभी शिवड्यासारख्या गावांनी कडवा विरोध केला. पुढे थेट खरेदीतून मोठे मोबदले मिळाले. ज्या घराने त्या रकमेतून दुसरीकडे शेत घेतले, गोदाम बांधले किंवा मुलांचे शिक्षण पुरे केले, त्याचे मुद्दल केवळ रूप पालटून शिल्लक राहिले. ज्या घरात ती रक्कम गाड्या आणि लग्नसमारंभांत गेली, तिथे पिढ्यांची जमीन दोन-चार वर्षांची मिळकत ठरली.

घराची ही चूक राज्य करू लागले, तर काय होते, हे गोव्याने अनुभवले आहे. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांच्या डोंगरांत लोहखनिज आहे. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या सवलतींवर तिथल्या खाणी उभ्या राहिल्या. आरंभी जपान आणि नंतर चीन हे मोठे गिऱ्हाईक झाले. 2010-11 या वर्षात गोव्याच्या बंदरांतून 5 कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. चीनच्या मागणीने भाव कित्येक पटींनी चढले, तरी 2009 पर्यंत सरकारला मिळणारे स्वामित्वधन टनामागे ठरावीक, मोजक्या रुपयांचे होते. त्यानंतर ते विक्रीमूल्याच्या 10 टक्के झाले. शिवाय जे मिळाले, तेही अंदाजपत्रकात ‘महसुली जमा’ या सदरात, करांच्या शेजारी मांडले गेले. महसुली जमेतून पगार, निवृत्तिवेतन आणि अनुदाने भागतात. डोंगर रिकामा होत होता आणि हिशेबात तो उत्पन्न म्हणून दिसत होता.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेपुढे आला आणि खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला. खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, म्हणून त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची मर्यादा आली. आणि विक्रीमूल्याचा दहावा हिस्सा एका कायमस्वरूपी निधीत जमा करावा, असा आदेश झाला, कारण खनिजावर येणाऱ्या पिढ्यांचाही हक्क आहे. भारतात मुद्दलाचे पान वेगळे ठेवण्याचा हा मोलाचा आरंभ होता. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी नूतनीकरण झालेले 88 पट्टेही रद्द झाले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या आणि बार्जवर राबणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ बसली. उत्पन्न आटल्यावर आधार देईल असे मुद्दल मागील भरभराटीतून बाजूला पडलेच नव्हते.

जगातही दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात. प्रशांत महासागरातील नाउरू हे चिमुकले बेट फॉस्फेटच्या बळावर 1970 च्या दशकात दरडोई उत्पन्नात जगाच्या अग्रभागी होते. खनिज संपले, ठेवी उधळल्या गेल्या आणि देश दिवाळखोरीच्या काठावर आला. आफ्रिकेतील बोट्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा अतिशय गरीब होता. दुसऱ्याच वर्षी तिथे हिरे सापडले. खनिजाचा पैसा रोजच्या खर्चात न वापरता रस्ते, शाळा, दवाखाने यांत घालावा, असे धोरण त्याने स्वीकारले आणि 1994 मध्ये पुला निधी स्थापला. अलीकडे हिऱ्यांची मागणी घटल्याने तोही अडचणीत आहे. पण हिऱ्यांचे रूपांतर झालेल्या शाळा जागेवर आहेत.

गरीब प्रदेशाने पैसा कुलपात ठेवून लोकांना उपाशी ठेवावे काय, असा आक्षेप घेतला जातो. बोट्सवानाचे उदाहरण त्याचे उत्तर देते. मुद्दल बँकेतच असावे, असे नाही. ते पाटात, शाळेत, प्रसूतिगृहात असू शकते. मात्र ते कुठे गेले, याची नोंद हवी. राष्ट्रांचे हिशेबही आता त्या दिशेने सरकत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च 2025 मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेखापद्धतीत निसर्गसंपत्तीची घट हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. यंत्राचा घसारा धरायचा आणि डोंगराचा धरायचा नाही, ही विसंगती त्यामुळे दूर होईल.

महाराष्ट्रासाठी हा दूरचा विषय नाही. गडचिरोलीच्या सूरजागड डोंगरातून लोहखनिज निघत आहे आणि तिथे पोलादाचे कारखाने उभारण्याच्या योजना आहेत. 2015 च्या कायदेदुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि खाणग्रस्त भागासाठी काही हिस्सा राखला गेला. परंतु स्वामित्वधन अजूनही महसुली जमेतच मोजले जाते. नाशिकपाशी लोहखनिज नाही. काळा पाषाण आहे, तो ब्रासच्या मापाने विकला जातो. आणि भूजल आहे. द्राक्षाच्या पेटीच्या हिशेबात खत, औषध, मजुरी, वाहतूक हे सारे येते. कूपनलिका दरवर्षी किती फूट खोल गेली, यासाठी त्या हिशेबात रकाना नसतो.

व्यापारी समाजाला ही दृष्टी नव्याने शिकवावी लागत नाही. मोबदल्याची रक्कम घेऊन गिऱ्हाईक दुकानात आले, की मालाच्या किमतीबरोबर ‘हे मुद्दल आहे, जपून’ असे दोन शब्द सांगणारे जुने शेठजी पेठांमध्ये होते आणि आजही आहेत. तीच चौकशी राज्याच्या अंदाजपत्रकाबाबतही व्हावी: खनिजापोटी काय आले, कोणत्या सदरात मांडले गेले आणि त्याच्या बदल्यात टिकणारे काय उभे राहिले. ज्याला स्वतःच्या वहीत हे तीन रकाने कोरे चालत नाहीत, त्याने राज्याच्या वहीतही ते कोरे ठेवू देऊ नयेत.