पूल की पळवाट?

आइस हॉकीच्या जनरल मॅनेजर लोकांचा एक लाडका शब्द आहे - 'ब्रिज डील'. ऐकायला किती समजूतदार वाटतो! पोरगा चांगला खेळतोय, पण अजून कच्चा आहे, तर सध्या दोन वर्षांचं छोटं कॉन्ट्रॅक्ट देऊ, बघू काय करतो ते, मग मोठ्या रकमेचं बोलू. पूल म्हणे! पक घेऊन वर धावणाऱ्या, गोल करणाऱ्या-करवणाऱ्या तरुण डिफेन्समनला जेव्हा असा पूल देतात तेव्हा ती निर्णय पुढे ढकलायची पळवाट असते, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तिचा टोल मॅनेजर भरत नाही, टीम भरते.

हॉकी म्हटलं की ज्यांना ध्यानचंद आणि आपला खडकीचा धनराज पिल्लेच आठवतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएलमध्ये प्रत्येक टीमला सॅलरी कॅप असते. आयपीएलच्या लिलावात पर्स असते ना, साधारण तसंच. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं असतं आणि त्यातला पगार नियमानेच बांधलेला. ते संपलं तरी पोरगा लगेच मोकळा होत नाही. वयाची २७ किंवा लीगमधले सात मोसम होईपर्यंत त्याचे हक्क बहुतेक वेळा टीमकडेच राहतात. म्हणजे २१-२३ व्या वर्षी टीमच्या हातात जेवढी ताकद असते तेवढी पुन्हा कधीच नसते. आणि नेमकं तेव्हाच हे लोक 'बघू' म्हणतात.

आता २०१२ चा उन्हाळा घ्या. कॅनडातल्याच दोन टीम, दोन तासांच्या अंतरावरची दोन शहरं, आणि एकाच जातकुळीचे दोन खेळाडू. ओटावाकडे एरिक कार्लसन, वय २२. मॉन्ट्रियलकडे पी. के. सुबॅन, वय २३. दोघांचंही पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. दोघांवरही तोच आरोप - पोरगं धावतं फार, मागे भगदाड ठेवतं.

ओटावाने जूनमध्ये कार्लसनला सात वर्षांचे ४ कोटी ५५ लाख डॉलर दिले, वर्षाला ६५ लाख. त्याच महिन्यात त्याला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली, आणि तरी कुरकुर चालूच होती की ७८ पॉइंट्स ठीक आहेत हो, पण हा डिफेन्स कुठे खेळतो? मॉन्ट्रियलने सुबॅनला ताटकळत ठेवलं. त्याला लांब पल्ल्याचं हवं होतं, नवे मॅनेजर मार्क बर्जेव्हां पुलावर अडून बसले. लॉकआउट संपला, जानेवारी २०१३ मध्ये मोसम सुरू झाला तरी हा घरी. शेवटी दोन वर्षांचे साडेसत्तावन्न लाख घेऊन आला. आणि त्याच मोसमात ४२ मॅचमध्ये ३८ पॉइंट्स करून त्याने नॉरिस जिंकली! मॅनेजरसाहेबांना जे 'बघायचं' होतं ते पाच महिन्यांत दिसलं.

मग २०१४ मध्ये काय झालं? प्रकरण लवादापर्यंत गेलं. सुनावणीत टीमने आपल्याच स्टार खेळाडूची किंमत कमी का, हे त्याच्या तोंडावर मांडायचं असतं. (आमच्याकडच्या अप्रेझलची आठवण झाली, पण असो.) दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर. वर्षाला ९० लाख.

आपण इंजिनीअर लोक, एक साधा हिशोब करू. कार्लसनचाच भाव २०१२ मध्ये सुबॅनला लावला असता तर? पुलाच्या दोन वर्षांत मॉन्ट्रियलचे वर्षाला सुमारे ३६ लाख वाचले, म्हणजे एकूण ७२ लाखांच्या आसपास. त्यानंतर दरवर्षी २५ लाख जास्त. पुढच्या पाच वर्षांचे सव्वा कोटी. म्हणजे सात वर्षांची गोळाबेरीज केली तर शहाणपणाची किंमत ५० लाखांच्या वर.

पण खरी गोम पैशात नाही, वयात आहे. सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट २०१९ मध्ये संपलं असतं. पुलामुळे ते २०२२ पर्यंत, म्हणजे वयाच्या ३३ पर्यंत लांबलं. सुबॅन २०१७-१८ मध्ये जबरदस्त होता, ५९ पॉइंट्स. २०१९ मध्ये तो न्यू जर्सीला गेला आणि पहिल्या मोसमात ६८ मॅचमध्ये १८ पॉइंट्स. २०२२ मध्ये निवृत्त. ती शेवटची, उताराची तीन वर्षं पूर्ण ९० लाखांच्या भावाने! मॉन्ट्रियलने त्याला २०१६ मध्येच नॅशव्हिलला देऊन टाकलं होतं म्हणून ते बिल दुसऱ्यांनी भरलं, एवढंच. पुलाने नेमकं काय केलं बघा: २३ ते २५ ही चढाची वर्षं लांब कॉन्ट्रॅक्टमधून काढून टाकली आणि ३० ते ३३ ही उताराची वर्षं त्यात घातली. कुठला शहाणा माणूस असा सौदा करेल?

ब्रिजवाल्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो, "आणि पोरगा फुसका निघाला तर?" रास्त प्रश्न आहे. मीच उदाहरण देतो. बफेलोचा टायलर मायर्स. २०१० मध्ये ४८ पॉइंट्स करून सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी, २०११ मध्ये २१ व्या वर्षी सात वर्षांचे ३ कोटी ८५ लाख. पुढे तो तसा बहरलाच नाही. मग बफेलोचं वाटोळं झालं का? वर्षाला ५५ लाखांत एक बऱ्यापैकी डिफेन्समन मिळाला, आणि २०१५ मध्ये विनिपेगबरोबरच्या मोठ्या अदलाबदलीत तोच त्यांचा हुकमी पत्ता होता. फसलेला जुगार असा दिसतो. जमलेला बघायचाय? रोमन योसी. नॅशव्हिलने २०१३ मध्ये, वय २३, मोसमात १८ पॉइंट्स, अशा अवस्थेत सात वर्षं दिली. वर्षाला ४० लाख. त्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या वर्षी, २०२० मध्ये, गडी नॉरिस घेऊन आला. ४० लाखांत!

म्हणजे फसलं तर थोडं नुकसान, जमलं तर सात वर्षं लॉटरी. पुलात उलटं असतं. जमलं तर फायदा खेळाडूचा, फसलं तर तुमचे जेमतेम काही लाख वाचणार. मॅनेजरला वाटतं आपण पर्याय राखून ठेवला. अहो, तो तुम्ही पोराला फुकटात देऊन टाकला.

आणि मला खरा राग कशाचा येतो सांगू? हेच लोक २८ व्या वर्षी एकदम कर्णाचे अवतार होतात. अ‍ॅरिझोनाने ऑलिव्हर एकमन-लार्सनला २०१८ मध्ये आठ वर्षांचे ६ कोटी ६० लाख दिले, जे लागू झाले २०१९ पासून, त्याच्या २८ व्या वर्षी. दोन वर्षांत व्हँकुव्हरच्या गळ्यात मारला, आणि २०२३ मध्ये व्हँकुव्हरने पैसे मोजून मोकळा केला. सॅन होजेने २०१९ मध्ये २९ वर्षांच्या कार्लसनला वर्षाला १ कोटी १५ लाखांनी आठ वर्षं दिली. २०२२-२३ मध्ये त्याने १०१ पॉइंट्सचा पराक्रम केला, मान्य, तिसरी नॉरिसही आली. पण त्या कॉन्ट्रॅक्टच्या चार मोसमांत सॅन होजे एकदाही प्लेऑफला गेलं नाही. २२ वर्षांच्या पोराबद्दल 'अजून सिद्ध व्हायचंय' आणि २८ वर्षांच्या माणसाबद्दल 'सिद्ध झालेला आहे'. जे सिद्ध झालं ते मागे पडलं राव, पैसे पुढच्या वर्षांचे द्यायचेत!

सॉफ्टवेअरमध्ये हे रोज चालतं. घरच्या पोराला दीड वर्ष 'नेक्स्ट सायकल' सांगायचं, तो गेला की त्याच्या जागी बाहेरचा दीडपट पगाराने आणायचा. फक्त आमच्याकडे सॅलरी कॅप नसते, म्हणून कुणाला हिशोब दिसत नाही.

म्हणून प्रत्येक धावऱ्या पोराला आठ वर्षं द्या असं मी म्हणत नाहीये. सगळे पॉइंट्स पॉवर प्लेमधले असतील, म्हणजे समोर एक माणूस कमी असतानाच हा चमकत असेल, तर थांबा. पण पाचास पाच खेळताना तो बर्फावर असला की पक समोरच्यांच्या हद्दीत राहतो का, एवढं बघायला दोन-अडीचशे मॅच पुरतात. पक तिकडे असेल तर इकडे गोल कसा होईल? हाच त्याचा डिफेन्स. समोरच्याला आडवं पाडणं म्हणजेच डिफेन्स, हे डोक्यातून जात नाही म्हणून मग भीती वाटते.

मॉन्ट्रियलच्या डोक्यातून ते गेलेलं दिसतंय. लेन हटसन, उंची पाच फूट नऊ इंच, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ वा. 'लहानखोर आहे, मार खाईल' म्हणून सगळ्यांनी खाली ढकललेला. २०२४-२५ मध्ये ६६ पॉइंट्स आणि कॅल्डर. ऑक्टोबर २०२५ मध्ये, पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपायच्याही आधी, २१ व्या वर्षी, आठ वर्षांचे ७ कोटी ८ लाख. वर्षाला ८८.५ लाख. एक पूर्ण मोसम बघून एवढे, म्हणून भुवया उंचावल्याच. पण सुबॅनचे ९० लाख ६ कोटी ९० लाखांच्या कॅपमधले होते, म्हणजे १३ टक्के. हटसनचं कॉन्ट्रॅक्ट सुरू होतं २०२६-२७ पासून, कॅप १० कोटी ४० लाख. साडेआठ टक्के. संपेल तेव्हा पोरगं तिशीतच असेल.

बाकीच्या 'बघू'वाल्यांसाठी एक बातमी आहे. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या करारात आपल्या खेळाडूला देता येणारी कमाल मुदत आठवरून सात वर्षांवर आली आहे. म्हणजे चढाचं एक वर्ष नियमानेच गेलं. पुलावर आणखी दोन घालवायची असतील तर घालवा.