वारस या शब्दाचा साधा अर्थ

एम. ए.च्या वर्गात आम्ही बखरी शिकवतो, पेशवाईतली पत्रे शिकवतो. त्यांतील गद्याची ठेवण, मायन्यांची रीत, वाक्यांची लय यांवर तासन् तास बोलतो. पण १८१८ साल उलटले की पत्रव्यवहाराशी असलेला आमचा संबंध एकाएकी संपतो. पुढचे कागद इंग्रजीत, म्हणून ते इतिहासवाल्यांचे, अशी सोयीस्कर वाटणी आम्ही करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे असे आम्हांस अलीकडे वाटू लागले. निमित्त झाले ते सातारचे राज्य खालसा करण्याविषयी मुंबई सरकार, गव्हर्नर जनरल आणि लंडनचे कंपनीचे डायरेक्टर यांच्यात १८४८-४९ मध्ये झालेल्या पत्रव्यवहाराचे. पार्लमेंटपुढे ठेवण्यासाठी तो त्याच काळात छापला गेला, म्हणून आज वाचावयास मिळतो.

प्रसंग थोडक्यात असा. ५ एप्रिल १८४८ रोजी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला. या दत्तकाला राज्य मिळावे की नुसती खासगी मालमत्ता, असा प्रश्न उभा राहिला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात महाराज, त्यांचे पुत्र, वारस व उत्तराधिकारी यांनी निरंतर राज्य करावे, अशा अर्थाचे कलम होते. सारा वाद या दोन-तीन शब्दांवर येऊन ठेपला. म्हणजे प्रश्न संहितेच्या अर्थनिर्णयाचा होता, आणि तो तर आमचा रोजचा धंदा.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी आपल्या टिपणात दत्तकाची बाजू घेतली. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा वारसच, तेव्हा तहाचे शब्द पुरेसे स्पष्ट आहेत, असा त्यांचा रोख. सातारचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचाही कल तिकडेच. कौन्सिलमधले विलोबी यांनी उलट बाजू मांडली, क्लार्क लवकरच पायउतार झाले, आणि नवे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड खालसाच्या बाजूने उभे राहिले. मग ३० ऑगस्ट १८४८ चे डलहौसी यांचे टिपण येते. वारस हा शब्द त्याच्या साध्या, नेहमीच्या अर्थानेच वाचावा, असे ते बजावतात. आणि हा साधा अर्थ म्हणजे औरस वारस. अधिक व्यापक अर्थ घ्यावयाचा तर तसा आधार हवा, निदान इंग्रजी मसुद्यात तशी खास शब्दयोजना तरी हवी.

येथे आम्ही थबकलो. दोन्ही बाजू साध्या अर्थाचीच दुहाई देतात! परंतु साधा कोणाला? मराठी माणसाच्या कानाला वारस म्हटले की त्यात दत्तक आपोआप येतो. दत्तविधान झाल्यावर तो पुत्रच. डलहौसींचा साधेपणा इंग्लंडातला आहे आणि प्रमाण मानलेली संहिता इंग्रजी. तहाचा दुसरा पक्ष मात्र ज्या भाषेत विचार करीत होता, ती भाषा या युक्तिवादात पुरावा म्हणूनही उभी राहत नाही.

लंडनहून २४ जानेवारी १८४९ रोजी निघालेला मंजुरीचा खलिता तर शैलीच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा. त्यातील निर्णायक वाक्याच्या तीन पायऱ्या आहेत. हिंदुस्थानच्या सर्वसाधारण कायद्याने व रूढीने अंकित संस्थान सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाकडे जात नाही. अशी संमती देण्याचे आम्ही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वचन दिलेले नाही. आणि आमच्यावर सोपविलेले हित ती न देण्यातच आहे. पहिली पायरी रूढीची, दुसरी वचनाची, तिसरी सरळ स्वार्थाची. पण वाक्याचा तोल असा सांभाळला आहे की तिसरी पायरी पहिलीचीच निष्पत्ती वाटावी. अंकित हा शब्द सिद्ध करावा लागत नाही, तो नुसता वापरला जातो. पुढे १८५३ मध्ये याच डायरेक्टरांनी करौलीचा दत्तक मान्य केला, कारण करौली अंकित नव्हे, संरक्षित मित्र! एका विशेषणावर राज्ये राहिली आणि गेली.

या कागदांत मतभेदाची नोंद प्रामाणिकपणे केलेली आहे, डायरेक्टरांपैकी टकर प्रभृतींचा विरोधही नोंदला गेला, हे मान्य केले पाहिजे. वाचताना वाटते, केवढा हा मोकळा विचारविनिमय! परंतु बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष हॉबहाउस यांनी १८४७ च्या डिसेंबरातच डलहौसींना खासगी पत्रातून कळविले होते की, सातारचे राजे निपुत्रिक वारल्यास दत्तक मंजूर होऊ नये. राजे तेव्हा हयात होते. सरकारी पत्रव्यवहारात जो निष्कर्ष शेवटी येतो, तो खासगी पत्रात आधीच येऊन बसला होता.

आणि मराठी पक्ष? पदच्युत प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी १८४० ते १८५३ लंडनात ठाण मांडून अर्जविनंत्या करीत राहिले. त्यांच्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिले. आमच्या अभ्यासक्रमांना मात्र त्यांच्या अर्जांचे गद्य कधी दिसले नाही. योगायोग असा की त्याच १८४८ मध्ये ‘प्रभाकर’मधून लोकहितवादींची शतपत्रे छापली जाऊ लागली. ती आम्ही शिकवतो, शिकवावीतच. पण ज्या वर्षी मराठीत पत्र हा वादाचा घाट होऊ लागला, त्याच वर्षी इंग्रजीतल्या पत्रांनी सातारा संपविला, हे विद्यार्थ्याला सांगायचे कोणी?

इंग्रजी कागद मराठीच्या वर्गात कशाला, असे आमचे काही सहकारी विचारतात. आम्ही वाद न घालता एका तासाला तहातले ते कलम विद्यार्थ्यांना अनुवादासाठी दिले, पार्श्वभूमी न सांगता. बहुतेकांनी वारस असे लिहिले, दोघांनी वंशज. औरस मात्र कोणीही लिहिले नाही. पुढच्या तासाला विलोबींचे टिपण घ्यायचे आहे. ते लांबलचक आहे, आणि खरे सांगायचे तर बरेचसे कंटाळवाणेही.