तिसऱ्या बाकाची शिक्षा

मुलांनो,

तुमच्या वर्गात मॉनिटर आहे ना? बाई जरा ऑफिसात गेल्या, की खडू घेऊन फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिणारा? माझ्याही वर्गात आहे. मोठा कडक आहे बरं का! गेल्या पावसाळ्यात एकदा मी वर्गात परत आले, तर फळ्यावर एकाही मुलाचं नाव नव्हतं. फक्त दोन शब्द लिहिले होते : 'तिसरा बाक'.

मी घाईत होते. तिसऱ्या बाकावरच्या चौघांनाही उभं केलं आणि म्हटलं, "आज मधल्या सुट्टीत खेळायला जायचं नाही." तिघं गप्प राहिले. चौथी हळूच म्हणाली, "बाई, मी तर बोललेच नव्हते."

"मग बोलणाऱ्यांशेजारी बसू नये," असं म्हणून मी फळा पुसायला लागले.

हे वाक्य माझ्या अंगावर कसं उलटलं, तेच आज सांगणार आहे.

आमची शाळा वेल्ह्याच्या डोंगराळ भागातली. पावसाळ्यात तोरणा दिवस दिवस ढगातच असतो. तरी शाळेची स्वतःची वेबसाईट आहे! मुलांची चित्रं, परसबागेचे फोटो आणि रोजच्या पावसाची नोंद आम्ही तिच्यावर टाकतो. पर्जन्यमापक मुलंच वाचतात. गावातले कितीतरी बाबा, काका, मामा कामासाठी पुण्या-मुंबईला असतात. आपल्या पोराचं चित्र ते तिथं बसून मोबाईलवर बघतात.

एके दिवशी मुंबईहून एका पालकांचा फोन आला. "बाई, आपल्या शाळेच्या साईटला व्हायरस लागलाय का? लाल पाटी येतेय, धोकादायक म्हणून."

संध्याकाळपर्यंत आणखी तीन फोन. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'शाळेची लिंक कोणीही उघडू नका. पैसे जातील.' मुख्याध्यापक म्हणाले, "बंदच करून टाका ती भानगड." मुलांनी जूनपासून एकही दिवस न चुकता लिहिलेला पाऊस, सगळा जाणार होता!

मी आधी आमचीच साईट तपासली. अहो, खरंच काही शिरलं असेल तर? पासवर्ड बदलले. एकेक पान पाहिलं. अनोळखी काहीच नव्हतं. मग 'व्हायरसटोटल' नावाच्या मोफत सेवेत साईटचा पत्ता टाकला. ही सेवा २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये ती गुगलने घेतली. एकच पत्ता किंवा फाईल ती कितीतरी अँटिव्हायरसना एकदम दाखवते आणि प्रत्येकाचं मत आपल्यासमोर ठेवते. निकाल काय आला असेल? दोघं म्हणत होते 'धोका', बाकी सगळे म्हणत होते 'ठीक'.

मग ज्या कंपनीकडून आम्ही वेबसाईटसाठी जागा भाड्याने घेतली आहे, तिला विचारलं. तेव्हा उलगडा झाला. आमच्याच सर्व्हरवर दुसऱ्या कुणाची तरी साईट होती. कुणी लबाड त्या साईटमध्ये घुसला होता आणि त्याने तिथं बँकेचं खोटं पान लावलं होतं. अँटिव्हायरसवाल्यांनी ते बरोब्बर पकडलं, पण काळ्या यादीत त्या साईटचं नाव लिहायच्या ऐवजी अख्ख्या सर्व्हरचा नंबर लिहिला!

आलं का लक्षात? फळ्यावर 'तिसरा बाक' लिहिलं होतं, आणि आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो होतो.

आता हा नंबर म्हणजे काय, ते सांगते. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच होतात. जगात माणसंच ८०० कोटींच्या वर आहेत! म्हणजे माणशी एकसुद्धा पत्ता पुरत नाही. शिवाय छोट्या साईटला अख्खा सर्व्हर घेणं परवडतही नाही. म्हणून एकाच सर्व्हरवर, एकाच नंबरावर शेकडो साईट दाटीवाटीने बसतात. नवे, लांबलचक पत्ते आता आले आहेत, पण जुने अजून वापरात आहेतच. २००३ साली अमेरिकेत बेंजामिन एडलमन यांनी हे मोजून पाहिलं होतं. चालू साईटपैकी ८७ टक्क्यांहून जास्त साईटचा नंबर आणखी कुणाशी तरी वाटलेला निघाला!

मग एका नंबरावरच्या शेकडो साईटमधून आपल्याला हवी तीच कशी उघडते? अगदी सोपं आहे. आपला मोबाईल त्या नंबरावर जातो आणि साईटचं नाव सांगतो. बाकाचा नंबर आणि मुलाचं नाव, दोन्ही. म्हणजे नाव माहीत असतं. नुसता बाक लिहिला, की घोटाळा होतो.

अँटिव्हायरस पूर्वी असं पत्त्यांवरून ओळखत नसत. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ तुम्हाला माहीत आहेत का? कैलास दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. धाकटे संजय कॉम्प्युटर शिकले. १९९० च्या दशकात दोघांनी पुण्यात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस तयार केला. (आमची गोष्ट मात्र दुसऱ्याच कंपन्यांची आहे हं!) त्या काळी व्हायरस फ्लॉपीतून यायचे. त्यामुळे फ्लॉपीत नेमकं काय आहे ते वाचून अँटिव्हायरस व्हायरस ओळखायचा. पुढे इंटरनेटवर रोज इतकी खोटी पानं उगवायला लागली, की प्रत्येक पान उघडून बघणं अशक्य झालं. म्हणून वाईट पत्त्यांच्या याद्या आल्या. यादीमुळे काम भराभर होतं. पण यादी लिहिणाऱ्याचा हात चुकला, तर चूकही तितकीच भराभर पसरते.

३१ जानेवारी २००९ ची गंमत ऐका. गुगलच्या वाईट पत्त्यांच्या यादीत चुकून नुसती एक तिरपी रेघ लिहिली गेली. ती रेघ प्रत्येक वेबसाईटच्या पत्त्यात असतेच! झालं, गुगलवर शोधलेली जगातली जवळजवळ प्रत्येक साईट 'धोकादायक' ठरली. आपल्याकडे तेव्हा शनिवारची रात्र होती. तासाभराच्या आत त्यांनी चूक सुधारली.

आपल्या देशातही 'अख्खा बाक' उभा केल्याच्या गोष्टी घडल्या आहेत. सप्टेंबर २००३ मध्ये याहूवरचा एकच छोटासा गट बंद करायचा सरकारी आदेश निघाला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी याहूचे सगळेच गट बंद केले! जुलै २००६ मध्ये काही मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर 'ब्लॉगस्पॉट'वर लिहिणाऱ्या असंख्य लोकांची पानं काही दिवस दिसेनाशी झाली. ज्यांनी काही केलं नव्हतं, तेही त्यात भरडले गेले.

तुम्ही म्हणाल, मग अँटिव्हायरस काढूनच टाकूया! नाही हं, अजिबात नाही. शंका घेण्यात त्याची चूक नव्हती. एका सर्व्हरवरची लागण शेजारच्या साईटला होऊ शकते, जसा एका बाकावरचा खोकला होतो तसा. चूक झाली ती शंका घेतल्यावर तपास न करता शिक्का मारण्यात.

आम्ही त्या दोन्ही कंपन्यांना रीतसर लिहिलं : आमचं नाव हे, आमची पानं ही, कृपया पुन्हा तपासा. चौथ्या दिवशी लाल पाटी गेली. उत्तर एका ओळीचं आलं : 'तपासले, काही आढळले नाही, यादीतून काढले.'

यादीतून नाव निघालं, पण लोकांच्या मनातून लवकर निघालं नाही. दिवाळीला गावी आलेले एक आजोबा मला म्हणाले, "बाई, ती व्हायरसवाली साईट तुमचीच ना?" मी सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण मोबाईल काही खिशातून काढला नाही.

हे ऐकणाऱ्यांत तिसऱ्या बाकावरची ती मुलगीही होती. ती म्हणाली, "बाई, आपण तर काहीच केलं नव्हतं ना? नुसतं शेजारी होतो."

मला काय उत्तर देता येणार होतं? "शेजारी बसू नये" म्हणून सांगू? आम्ही तो शेजारी निवडलाच नव्हता. आणि तिची जागाही तिनं निवडली नव्हती, मीच तिला तिथं बसवलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. मग मुलांनी मिळून मॉनिटरसाठी नियम केला : बाक लिहायचा नाही, नाव लिहायचं. नाव नक्की माहीत नसेल तर फळा कोरा ठेवायचा. आणि ज्याचं नाव लिहिलं, त्याला आधी विचारायचं. मॉनिटर थोडा कुरकुरला, कारण आता काम वाढलं. वाढणारच!

तुमच्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर लाल पाटी आली तर लक्षात ठेवा. पाटी ओलांडून पुढे जायचं नाही. घरच्या मोठ्यांना किंवा शिक्षकांना दाखवायचं. साईट ओळखीची असेल तर ज्याची आहे त्याला फोन करून कळवायचं. पण तपास होईपर्यंत 'त्यांच्यात व्हायरस आहे' असं गावभर करायचं नाही.

आणि या आठवड्यासाठी एक काम. एका माणसामुळे सगळ्या वाडीला, सगळ्या घराला किंवा सगळ्या वर्गाला नाव ठेवलेलं तुम्ही कधी ऐकलंय का? आठवा आणि वहीत लिहा. मात्र लिहिताना कुणाचं नाव नक्की ठाऊक नसेल, तर ती जागा कोरी ठेवा बरं का!

तुमच्या,
बाई