यमाचा दिवा आणि आपली दया

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढला म्हणून घरातील वडीलधारी माणसे रागावतील, हे मी जाणून आहे. फराळाचे ताट समोर असताना असले अभद्र कशाला, असे एखादी आजी म्हणेलही. तिला मी एवढेच विचारीन की, आजी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा लावून त्याची वात दक्षिणेकडे तुम्हीच करता ना? तो कोणासाठी? नरकचतुर्दशीला यमतर्पण असते, आणि भाऊबीजेचे तर नावच यमद्वितीया! आपल्या पूर्वजांनी या एका सणात यमाला तीनदा पाट मांडून ठेवला आहे. शिवाय सण सुरू होतो तो वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेने. तेव्हा मुके जनावर आणि मृत्यू हे दोघेही या घरचे बोलावलेले पाहुणे आहेत. मी त्यांना बळेच घरात आणलेले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवा लावताना आपण मृत्यू टळो असे मागत नाही, अपमृत्यू टळो असे मागतो. मरण यावयाचेच, ते वाईट रीतीने येऊ नये, एवढेच मागणे. परंतु वाईट मरण कशाला म्हणावे, याचा विचार मात्र आपण यमावर सोपवून मोकळे होतो. माझे भांडण आहे ते या मोकळे होण्याशी.

हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आजारी कुत्र्यावर आपण जी दया करतो, ती माणसावर का करू नये?’ वाक्य टाळी घेणारे आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, ‘प्राण देवाने दिला, तो काढून घेणारे आपण कोण?’ हेही टाळी घेणारेच. माझ्या मते पहिल्या पक्षाला कुत्रा कळलेला नाही आणि दुसऱ्याला देव.

आधी जनावराची गोष्ट सांगतो. आमचे घर धरणगावचे. बालकवींचे जन्मगाव म्हणून ते तुम्हाला ठाऊक असेल. आम्हाला ते कापसाचे, ज्वारीचे आणि उन्हाळ्यात पायाला चटके देणारे गाव म्हणूनच आधी ठाऊक. १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षी आमचा सर्जा नावाचा बैल गाडीसकट नाल्यात घसरला. मागचा पाय खुब्यातून गेला. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी हात फिरवून पाहिले आणि वडिलांना बाजूला नेऊन सांगितले, ‘आप्पा, हा आता उभा राहायचा नाही. सुई देतो, शांत जाईल.’ वडिलांनी कानांवर हात ठेवले. ज्याच्या शिंगांना दर पोळ्याला बेगड लावले, ज्याला पुरणपोळीचा घास भरविला, त्याला आपल्या हाताने मारावयाचे? खाटकाला देण्याचा तर प्रश्नच नव्हता. सर्जा अकरा दिवस गोठ्याबाहेर पडून होता. एकाच कुशीवर पडून त्याला क्षते पडली, त्यांत किडे झाले. कावळे यावयाचे, आणि आमचा सालदार दिवसभर गोफण घेऊन बसावयाचा. नवव्या दिवशी तो म्हातारा वडिलांना म्हणाला, ‘आप्पा, आते याले सोडा.’ वडील काही बोलले नाहीत. सर्जा अकराव्या रात्री सुटला. नंतर कैक वर्षे पोळ्याच्या दिवशी वडील मिरवणुकीला जात नसत.

वडील निर्दय नव्हते. पाप लागेल ही त्यांची भीती खरी होती. परंतु आज मला वाटते की, ते पाप आपल्या अंगाला लागू नये म्हणून त्याची किंमत सर्जाने अकरा दिवस भरली. आपले हात स्वच्छ राहावेत यासाठी दुसऱ्याने तळमळत राहावे, याला धर्म म्हणता येईल काय?

हा प्रश्न माझ्याआधी फार मोठ्या माणसाला पडला होता. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते. उपाय खुंटले, तेव्हा गांधीजींनी सहकाऱ्यांशी बोलून डॉक्टरकडून सुई देववून त्याला मरण दिले, आणि ‘नवजीवन’मध्ये लेख लिहून ते जगजाहीर केले. अहिंसेच्या पुजाऱ्याने गोवत्स मारले म्हणून देशभर काहूर उठले. पण त्यांचे म्हणणे सरळ होते: दुसरा कोणताही इलाज नसताना, केवळ त्या जिवाच्या वेदनेसाठी, स्वार्थाचा लेशही नसताना केलेले हे कृत्य हिंसा नव्हे. आपल्या कायद्यानेही हे मानले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात, जे जनावर जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल त्याचा अंत करण्याची तरतूद आहे.

मात्र ‘स्वार्थाचा लेशही नसताना’ ही अट सोडून चालणार नाही. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने नवा फ्लॅट घेतला. म्हातारा कुत्रा फरशी ओली करी, म्हणून त्याला ‘झोपविले’. तो जेवत होता, शेपूट हलवीत होता, दार वाजले की डोके वर करीत होता. दुखत होते ते घरच्यांना. तरी मंडळी डोळे पुसून म्हणाली, ‘दयाच केली हो!’ तेव्हा कुत्र्यावरील दयेचा दाखला देणाऱ्यांनी जरा थांबावे. तिथेही दया आणि सोय एकाच पोशाखात हिंडतात. जनावराला विचारता येत नाही, म्हणून त्याचा निर्णय आपल्यावर येतो. आणि म्हणूनच, दुखते आहे ते त्याला की मला, हे स्वतःला दहादा विचारणे भाग असते.

माणसाची गोष्ट इथेच निराळी होते. माणसाला विचारता येते. गांधीजींनीही हा भेद केला होता: माणूस स्वतः विचार करू शकतो, ठरवू शकतो, आणि त्याची सेवा करण्याचे मार्गही बहुधा खुले असतात. तरी तो असाध्य वेदनेत बेशुद्ध पडला असेल आणि कोणताच इलाज उरला नसेल, तर तिथेही त्यांना मरण देण्यात हिंसा दिसत नव्हती. मी इतक्या लांब जाणार नाही. कारण आमची घरे मला ठाऊक आहेत. सातबाऱ्यावर जिचे नाव आहे ती म्हातारी, सुनेच्या कपाळावरची आठी पाहून, ‘मला काय, देवाने आता न्यावे’ असे रोज म्हणते. उद्या सुई देण्याचा कायदा झाला, तर हे तिचे म्हणणे ‘संमती’ म्हणून कागदावर उतरावयास किती वेळ लागेल? २००२ साली नेदरलँड्सने असा कायदा अंमलात आणला. तो तिथल्या समाजाचा प्रश्न. आपल्याकडे प्राण घेणारी सुई गुन्हा आहे, आणि म्हातारपणाचा खर्च जोवर एकेका घराच्याच बोकांडी आहे, तोवर ती गुन्हाच असावी, असे माझे मत आहे.

पण दुसऱ्या पक्षाने खूश होण्याचे कारण नाही. मरण देणे वेगळे आणि येणारे मरण अडवून न धरणे वेगळे. ‘देवाने दिला प्राण’ म्हणणारी मंडळीच देव परत मागू लागला की नळ्या लावून त्याच्याशी रस्सीखेच करतात! माझ्या आत्याचे असेच झाले. शहाऐंशी वर्षांची बाई, तिन्हीसांजा मारुतीला तेल वाहणारी. जळगावच्या एका रुग्णालयात एकोणीस दिवस काचेपलीकडे होती. घशात नळी, हात पट्ट्यांनी बांधलेले, कारण शुद्ध आली की ती नळी ओढी. आम्ही भाऊबहिणी बाहेर बाकावर बसून एकमेकांकडे पाहत होतो. ‘पुरे’ हा शब्द कोणी उच्चारावयाचा? लोक काय म्हणतील? आणि तिला काय हवे होते, हे आम्हा साऱ्यांत एकालाही सांगता येईना. कारण कोणी कधी विचारलेच नव्हते. सर्जाचे अकरा दिवस, आत्याचे एकोणीस.

अरुणा शानबाग यांची कहाणी महाराष्ट्र विसरलेला नाही. केईएम रुग्णालयातील ही तरुण परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून राहिली. तिला सोडवावे म्हणून पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तिला आम्ही सांभाळू म्हणून केईएमच्या परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, पण उपचार थांबविण्याचा मार्ग तत्त्वतः मान्य केला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला. विराणींची करुणा खरी होती, आणि परिचारिकांची सेवाही खरी होती. फक्त अरुणाला काय वाटते, हे दोघींपैकी कोणालाच कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

याउलट विनोबा पाहा. १९३२ साली आमच्या खानदेशातील धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पन्नास वर्षांनी, १९८२च्या नोव्हेंबरात, पवनारला हृदयविकाराने दुखणाईत झाल्यावर त्यांनी औषध, अन्न, पाणी नाकारले. पंतप्रधान भेटीला आल्या तरी निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशीच, ते गेले. त्याला अपमृत्यू कोण म्हणेल? सगळ्यांनी विनोबा व्हावे असे मी म्हणत नाही. त्यांचे मन काय आहे हे त्यांनी भोवतालच्यांना स्पष्ट कळू दिले, एवढेच दाखवतो आहे.

आता कायदाही तेवढेच मागतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे तपासून निर्णय देतात, म्हणजे लोभी पुतण्यालाही एकट्याला काही करता येत नाही. मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती; त्यांची मागणी इतक्या वर्षांनी इथवर आली. आणि आपण? जमिनीचे मृत्युपत्र करतो, दागिन्यांची वाटणी लिहितो, पण स्वतःच्या अखेरच्या दिवसांबद्दल बोलणे मात्र अशुभ!

वाचकहो, भाऊबीजेला घर भरलेले असते. मुंबई-पुण्याची मुले आलेली असतात. ओवाळणी झाल्यावर, पानसुपारीच्या वेळी, घरातील थोरल्या माणसाजवळ बसा आणि विचारा: ‘आई, कधी वेळ आलीच, तर तुला काय हवे? घरी राहायचे की रुग्णालयात? नळ्या लावायच्या की नाही?’ ती ‘सगळे उपचार करा’ म्हणाली तर शेवटपर्यंत करा आणि खर्चाला कुरकुरू नका. ‘मला माझ्या खाटेवर राहू द्या’ म्हणाली तर तेही लिहून ठेवा. आधी ती रागावेल. मग बहुधा बराच वेळ बोलेल. माझा अनुभव आहे. यंदा मी माझे स्वतःचे लिहून सही केले, आणि मुलाला वाचून दाखविले. तो उठून अंगणात गेला, थोड्या वेळाने परत आला आणि त्याने दोन शंका विचारल्या.

गोठ्यातील जनावराला हे विचारता येत नाही. त्याच्यासाठी आपल्यालाच धीर करावा लागेल, आणि तो करताना आपली सोय बाजूला ठेवावी लागेल. माणसाला मात्र विचारता येते. ते न विचारताच आपण दयेवर वाद घालीत बसलो, तर दक्षिणेकडे वात करून लावलेला दिवा कोणाच्याही उपयोगी पडावयाचा नाही.